परळ ते वरळी : मोठ्या बांधकामांचा माग कसा ठेवायचा

परळ, प्रभादेवी, वरळी या पट्ट्यात नव्याने राहायला किंवा नोकरीला आलेला माणूस आठवडाभरात एकच प्रश्न विचारू लागतो : हे सगळं कधी संपणार? पूल बंद, रस्त्याला पत्रे, डोक्यावर क्रेन. चहावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाकडे उत्तर असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. बातम्यांत "७० टक्के काम पूर्ण" असं येतं. सहा महिन्यांनी पुन्हा बातमी येते, तेव्हा ते ७४ टक्के झालेलं असतं.

या टक्केवारीचा नाद आधी सोडा. कशाचे ७० टक्के, हे कोणी सांगत नाही. कधी तो खर्च झालेल्या पैशांचा आकडा असतो, कधी ओतलेल्या काँक्रीटचा. उरलेल्या ३० टक्क्यांत एखादी न मिळालेली परवानगी किंवा एक न हललेली इमारत असेल, तर तेवढ्यावर तीन वर्षं जाऊ शकतात. म्हणून टक्का सोडायचा आणि टप्पा धरायचा. आत्ता काम कोणत्या टप्प्यावर आहे, पुढचा टप्पा कोणता आणि तो कोणाच्या हातात अडकला आहे, ही तीन उत्तरं मिळाली की कोणत्याही प्रकल्पाचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. एक वही, फोनचा कॅमेरा आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी एकच प्रकल्प निवडा

एकदम दहा ठिकाणी लक्ष ठेवायला गेलात तर महिनाभरात कंटाळाल. तुमच्या रोजच्या वाटेवरचं एक काम घ्या. या भागात निवड भरपूर आहे. १९१३ सालचा एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबर २०२५ ला वाहतुकीला बंद झाला आणि त्याच्या जागी दुमजली पूल उभारायचं काम हाती घेतलं गेलं. तो शिवडी-वरळी उन्नत मार्गाचा भाग आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी, म्हणजे जुन्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळींचा पुनर्विकास आहे. दादरला चैत्यभूमीजवळ इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक आहे. शिवाय गिरण्यांच्या जागांवर आणि जुन्या चाळींच्या जागी चढणारे खाजगी टॉवर तर गल्लोगल्ली.

नवख्याने शक्यतो एक सरकारी आणि एक खाजगी काम घ्यावं. दोन्हींची कागदपत्रं वेगळ्या ठिकाणी असतात आणि दोन्ही अडकतात ती वेगळ्या कारणांनी. ही दोन समजली की बाकीच्यांना फार वेळ लागत नाही.

निवडलेल्या प्रकल्पाची सगळी नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लोक "एल्फिन्स्टन" म्हणतात, स्टेशनचं नाव जुलै २०१८ पासून प्रभादेवी आहे आणि निविदेत "शिवडी-वरळी" असतं. डिलाईल पूल, लोअर परळचा पूल आणि ना. म. जोशी मार्गावरचा पूल हे तिन्ही एकच. एकाच नावाने शोधलंत तर निम्मे कागद हाती लागणार नाहीत.

काम कोणाचं आहे ते शोधा

बहुतेक लोक इथेच चुकतात. मुंबईत काहीही बांधलं जात असलं की "बीएमसीचं काम आहे" असं म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. प्रत्यक्षात याच पट्ट्यात महापालिका, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण), झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, मेट्रो ३ चं महामंडळ, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे आणि पूर्वेला मुंबई बंदर प्राधिकरण असे अनेक मालक आहेत. शिवडी-वरळी मार्ग एमएमआरडीएचा. बीडीडीचा पुनर्विकास म्हाडाचा. सागरी किनारा मार्ग महापालिकेचा. इंदू मिलचं स्मारक पुन्हा एमएमआरडीएकडे.

एकाच कामाला दोन मालक असतील तर प्रत्येकाचं वेळापत्रक स्वतंत्रपणे टिपायचं. डिलाईल पुलाचं उदाहरण इथल्या जुन्या रहिवाशांना तोंडपाठ आहे. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, त्यानंतर तपासण्या झाल्या आणि त्याच महिन्यात लोअर परळचा हा पूल धोकादायक ठरवून बंद केला गेला. रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेने, अशी वाटणी होती. रेल्वेचे मोठे गर्डर, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळया, २०२२ मध्ये बसले. गर्डर बसलेला पाहून आमच्या भागातल्या अनेकांनी वर्षअखेरीस पुलावरून जायची स्वप्नं पाहिली. पोहोचरस्ते होत होत पूल हप्त्याहप्त्याने उघडला आणि पूर्ण खुला झाला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. रेल्वेची बाजू पाहणाऱ्याला काम संपत आलेलं दिसत होतं, महापालिकेची बाजू पाहणाऱ्याला नाही. दोघेही खरंच सांगत होते.

एल्फिन्स्टनला गुंता आणखी वाढतो. खालून पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे रूळ जातात. मार्ग एमएमआरडीएचा असला तरी रुळांवरच्या भागाचं काम महारेल या महामंडळाकडे आहे. वाहतूक वळवायची ती वाहतूक पोलिसांनी. वहीत या प्रत्येकासाठी एक रकाना ठेवा. काम थांबलेलं दिसलं की रकाने चाळा. बहुतेक वेळा एखाद्या रकान्यात महिनोन्महिने काही भरलेलंच नसतं, आणि घोडं तिथेच अडलेलं असतं.

पत्र्यावरचा फलक वाचा

कामाच्या जागेभोवती पत्रे असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीचे नियम कडक केल्यापासून मोठ्या कामांचे पत्रे २५ ते ३५ फूट उंच झाले आणि आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसेनासं झालं. पण फाटकापाशी माहितीफलक असतो. त्याचा फोटो काढा. फलकावरून मालक, कंत्राटदार, सल्लागार, वास्तुविशारद, परवानगीचा क्रमांक आणि कामाची मुदत कळते. खाजगी प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही.

फलक दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टिपा. मुदतीची तारीख बदललेली आढळते, तीही कधी जुन्या आकड्यावर नवं स्टिकर लावून. कंत्राटदाराचं नाव बदललं असेल तर ती मोठी बातमी समजा. जुन्या कंत्राटदाराचा हिशेब मिटणं, उरलेल्या कामाची नवी निविदा, नव्या माणसाने यंत्रं आणणं यात बराच काळ जातो.

खाजगी टॉवरची कागदपत्रं

इथे सुरुवात महारेराच्या संकेतस्थळापासून करायची. १ मे २०१७ पासून राज्यात ही व्यवस्था आहे. आधीच्या बऱ्याच नोंदींत मुंबई शहरातल्या प्रकल्पांचा क्रमांक "पी ५१९" ने आणि उपनगरातल्यांचा "पी ५१८" ने सुरू होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे बसथांब्यावरच्या जाहिरातीवर फोन धरला तरी प्रकल्पाचं पान उघडतं.

त्या पानावर आधी पूर्णत्वाच्या तारखा पाहा. नोंदणीच्या वेळी दिलेली मूळ तारीख आणि नंतरची सुधारित तारीख, दोन्ही उतरवून घ्या. मग कामाच्या प्रगतीचा तक्ता. त्यात खोदाई, तळघरं आणि जोतं (इमारतीचा जमिनीलगतचा चौथरा), पोडियम, स्लॅब, आतल्या भिंती, लिफ्ट, अग्निशमन अशा बाबींची वेगवेगळी टक्केवारी असते. टक्केवारीवर विश्वास ठेवू नका असं मी वर म्हटलं, पण हा तक्ता त्याला अपवाद मानायला हरकत नाही, कारण तो बाबवार असतो आणि डोळ्यांनी पडताळता येतो. स्लॅब पूर्ण, लिफ्ट शून्य असं दिसलं तर इमारत बाहेरून कितीही तयार दिसो, चाव्यांना वेळ आहे.

विकासकाने ही माहिती दर तीन महिन्यांनी ताजी करायची असते. शेवटची नोंद केव्हाची आहे हे पाहणं आकडे पाहण्याइतकंच महत्त्वाचं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रं लागतात. कामाला खीळ बसल्याची पहिली चाहूल अनेकदा या प्रमाणपत्रांच्या तारखांत मिळते, बांधकाम बंद पडल्याचं रस्त्यावरून दिसायच्या आधी.

पुनर्विकासात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. महारेरावर विक्रीची घरं दिसतात. मूळ रहिवाशांची पुनर्वसन इमारत विकली जात नाही, त्यामुळे ती तिथे सापडेलच असं नाही. तिच्यासाठी म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे पाहावं लागतं. विक्रीचा टॉवर जोरात आणि पुनर्वसनाची इमारत जोत्यावर, असं चित्र असेल तर ते वहीत ठळक लिहा. उलट असेल तर त्या विकासकाला मनात दोन गुण जास्त द्या.

परवानग्यांचा क्रम लक्षात ठेवला की पुढचा टप्पा आपोआप कळतो. आधी आयओडी, म्हणजे अटींसह मंजुरी. मग प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात. ते सहसा आधी जोत्यापर्यंतच मिळतं. जोतं मंजूर नकाशाप्रमाणे झालंय हे तपासलं की पुढच्या मजल्यांसाठी सीसी वाढवून मिळतं. अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. जोत्यावर आलेलं काम बरेच महिने हललं नाही तर पाऊस आणि मजूर ही कारणं सोडून वाढीव सीसी मिळालं का, ते विचारा. महापालिकेच्या हद्दीत हे कागद इमारत प्रस्ताव विभागाकडे असतात. म्हाडाच्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसन (झोपू) योजनांत तीच प्राधिकरणं परवानगी देतात, तेव्हा महापालिकेच्या यादीत नाव नाही म्हणून काम बेकायदा ठरत नाही.

आणखी एक खजिना आहे आणि त्याकडे फार थोडे लोक वळतात. २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तिचे अर्ज, अटी, बैठकींची इतिवृत्तं "परिवेश" या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. त्या अर्जात विकासक एकूण किती इमारती, किती मजले, किती तळघरं, किती गाड्या, किती पाणी हे सगळं सांगतो. जाहिरातीत एक टॉवर दिसतो, अर्जात कधी तीन असतात. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात बांधकाम कुठवर आलं हेही येतं. समुद्राजवळच्या कामांसाठी सागरी किनारा क्षेत्राच्या प्राधिकरणाची इतिवृत्तं वेगळी पाहायची.

सरकारी कामाचे कागद

इथे महारेरा नाही, त्यामुळे पैशांचा माग काढावा लागतो. राज्याच्या "महाटेंडर्स" या संकेतस्थळावर आणि त्या त्या संस्थेच्या पानावर निविदा असतात. निविदेत कामाची व्याप्ती आणि मुदत महिन्यांत दिलेली असते. निविदा निघाली म्हणजे काम सुरू झालं असं नव्हे. मुदत वाढवणारी शुद्धिपत्रकं, निविदा उघडणं, सर्वात कमी बोली, स्थायी समितीची किंवा मंडळाची मंजुरी आणि मग कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी हुकूम. घड्याळ सुरू होतं ते कार्यादेशापासून. तिथून निविदेतले महिने मोजा आणि पावसाळ्याचे महिने त्यात धरलेत का ते पाहा.

महापालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा होता. तो आकडा बातमीसाठी. तुम्ही तुमच्या प्रकल्पाची ओळ शोधा आणि गेल्या वर्षीची तरतूद व त्याच वर्षाचा सुधारित अंदाज शेजारी ठेवा. तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज फारच लहान असेल तर वर्षभरात काम अपेक्षेइतकं झालं नाही, मग भाषणात काहीही सांगितलेलं असो.

समारंभांच्या तारखा मात्र वेगळ्या पानावर लिहा, कामाच्या तारखांत मिसळू नका. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ एप्रिल २०१७ मध्ये फुटला आणि १ ऑगस्ट २०२१ ला दुसऱ्या सरकारच्या काळात पुन्हा फुटला. पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या १४ ऑगस्ट २०२५ ला. वरळीत एकट्या मुळात १२१ चाळी होत्या आणि साडेनऊ हजारांहून अधिक गाळे. म्हणजे चाव्यांच्या समारंभानंतरही वहीतली बहुतेक पानं कोरीच होती. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्यांचा आनंद खरा आहे, त्याला कोणी नाक मुरडू नये. पण माग ठेवणाऱ्याने ५५६ ही संख्या एकूण गाळ्यांच्या शेजारीच लिहायची.

आराखडा बदलला तर घड्याळ मागे जातं, हे इंदू मिलवर शिकता येतं. भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झालं. जानेवारी २०२० मध्ये स्मारकाची एकूण उंची ३५० वरून ४५० फूट करायचं ठरलं. पुतळा ३५० फूट आणि खालचा चबुतरा १०० फूट. वाऱ्याचा भार बदलला की पाया, सांगाडा, खर्च, मंजुऱ्या सगळंच पुन्हा. किनारा मार्गावर वरळीच्या टोकाला तसंच झालं. कोळी बांधवांच्या नौका सुरक्षित जाव्यात म्हणून दोन खांबांमधलं अंतर ६० ऐवजी १२० मीटर करावं लागलं. मागणी रास्त होती. ती आराखडा कागदावर असतानाच मान्य झाली असती तर वेळ वाचला असता. अशा बदलाची बातमी आली की जुन्या मुदतीवर सरळ काट मारा, नवी जाहीर होईपर्यंत थांबू नका.

आता डोळ्यांनी

कागद झाले की रस्त्यावर या. सार्वजनिक जागेवरची एक ठरावीक जागा निवडा. पुलाचा पदपथ, मैदानाचा कोपरा, स्वतःच्या कार्यालयाची खिडकी. पंधरा दिवसांतून एकदा त्याच जागेवरून, त्याच चौकटीत फोटो काढा. चौकटीत एखादी न बदलणारी खूण हवी, जुनं धुराडं किंवा शेजारची पूर्ण झालेली इमारत, म्हणजे उंची ताडता येते. फाटकाच्या आत शिरू नका. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा.

काय पाहायचं? सुरुवातीला पाईलिंगची, म्हणजे पायाचे खांब जमिनीत उतरवणारी, उंच यंत्रं दिसतात आणि चिखलाने भरलेले डंपर रात्री बाहेर पडतात. ही पायाची अवस्था, आणि सर्वात फसवी. महिनोन्महिने वर काहीच दिसत नाही, लोक म्हणतात काम बंद आहे, आणि खाली तीन-चार तळघरांची खोदाई चाललेली असते. डंपर येतात का, पंपाने पाणी उपसून रस्त्याकडेच्या गटारात सोडलं जातंय का, एवढं पाहिलं तरी कळतं. उलट पत्रे नवे, फलक चकचकीत आणि फाटकापाशी रखवालदाराची खुर्ची तेवढी, असं असेल तर खरंच काही चालू नाही.

टॉवर क्रेन उभी राहिली की काम जमिनीवर आलं समजा. मग स्लॅब मोजायचे. ॲल्युमिनिअमच्या साच्यांनी, ज्याला साइटवर सगळे मिव्हान म्हणतात, काम सुरळीत असेल तर आठ-दहा दिवसांना एक मजला चढतो. दोन फोटोंमध्ये महिना गेला आणि एकही स्लॅब वाढला नाही तर काहीतरी अडलंय. पैसा, परवानगी किंवा मजूर. दिवाळी, होळी आणि निवडणुकीच्या आसपास मजूर गावी जातात, तेव्हाचा मंदावलेला वेग मोजणीत धरू नका.

हवेचंही पाहा. ३० डिसेंबर २०२४ ला महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतली सगळी बांधकामं प्रदूषणामुळे थांबवायला सांगितली होती. हिवाळ्यात एखादी साइट अचानक शांत झाली तर विकासक बुडाल्याची अफवा पसरवण्याआधी असा आदेश निघालाय का ते तपासा.

शेवटचा स्लॅब पडला की खालून पाहणाऱ्याला इमारत झाली असं वाटतं. प्लंबिंग, काचा, लिफ्ट, आगीची यंत्रणा आणि तपासण्या यांत आणखी वर्ष-दीड वर्ष सहज जातं. क्रेन उतरवली, हिरवी जाळी काढली, बाहेरची मजुरांची लिफ्ट निघाली, आणि संध्याकाळी वरच्या मजल्यांवर दिवे दिसू लागले, असा साधारण क्रम असतो.

उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं पाच दिवसांच्या अंतराने येतात, पण एक ठिपका दहा मीटरचा. मोकळ्या भूखंडावर खोदाई सुरू झाली का एवढंच कळेल, मजले नाहीत. गूगल अर्थमधली जुन्या वर्षांची चित्रं मात्र जरूर पाहा. गिरणीच्या धुराड्याजवळ आज काय उभं आहे ते पाहताना अर्धा तास कसा जातो कळत नाही.

रस्ते बंद, रेल्वेचे ब्लॉक

पुलांच्या कामात सर्वात भरवशाची माहिती देणारे दोघे म्हणजे वाहतूक पोलीस आणि रेल्वे. पाहुण्यांच्या सोयीने उद्घाटनाची तारीख पुढेमागे होते. रेल्वेला मात्र ब्लॉक घ्यायचा तर गाड्या रद्द कराव्या लागतात, लाखो प्रवाशांना सांगावं लागतं. त्यामुळे ब्लॉक जाहीर झाला की त्या रात्री गर्डर चढणार किंवा जुना उतरणार हे जवळजवळ पक्कं. रविवारच्या मेगाब्लॉक आणि जम्बोब्लॉकच्या पत्रकांत कारण छापलेलं असतं. परळ-प्रभादेवी दरम्यान रात्रीचा खास ब्लॉक दिसला की वहीत नोंद.

वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेतून कामाचा पसारा कळतो. एल्फिन्स्टन बंद झाल्यावर टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळी या पुलांवर भार गेला. करी रोडच्या पुलावर वेळेनुसार दिशा बदलणारी एकेरी वाहतूक ठेवली गेली. अशा अधिसूचनेला मुदतवाढ मिळाली की कामही तेवढं पुढे गेलं, कोणी काही जाहीर करो वा न करो.

तारखा पुढे जाण्याचं कारण दर वेळी तांत्रिक नसतं. एल्फिन्स्टनचा पूल एप्रिल २०२५ मध्येच बंद करायचा घाट होता. मार्गात येणाऱ्या इमारतींच्या रहिवाशांनी आधी घरांचं बोला म्हणत विरोध केला आणि बंद व्हायला सप्टेंबर उजाडला. कामाच्या हद्दीत माणसं राहत असतील तर त्यांच्या पुनर्वसनाला वहीत स्वतंत्र पान द्या. त्यांच्याशी बोला. इमारत रिकामी करायची नोटीस केव्हा आली, भाड्याचा धनादेश केव्हा मिळाला, हे त्यांच्याइतकं अचूक कोणालाच ठाऊक नसतं.

वही

संगणकावर तक्ता केलात तरी चालेल, पण रकाने मोजकेच हवेत : तारीख, काय दिसलं, कोणता कागद पाहिला, कोण काय म्हणालं, पुढचा टप्पा, तो कोणाकडे. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. नमुन्यादाखल वरच्या माहितीवरून एक नोंद अशी दिसेल :

"१२ सप्टेंबर २०२५. एल्फिन्स्टन पूल वाहतुकीला बंद. याआधीचा प्रयत्न एप्रिलमध्ये, विरोधामुळे लांबला. पुढचा टप्पा : रुळांवरचा जुना सांगाडा उतरवणं. कोणाकडे : महारेल, ब्लॉकसाठी पश्चिम व मध्य रेल्वे."

एवढी नोंद पुरे. साहित्य लिहायचं नाही.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार

आधी त्या विभागाच्या अभियंत्याला साधं पत्र किंवा मेल पाठवून पाहा. कधीकधी तेवढ्यावर काम होतं. नाहीतर २००५ चा कायदा आहेच. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत. एमएमआरडीए, म्हाडा आणि महापालिका यांच्यासाठी राज्याची व्यवस्था, रेल्वेसाठी केंद्राची. पुलाचं काम असेल तर बहुधा दोन्हीकडे अर्ज करावा लागेल.

"का उशीर झाला" असं विचारू नका. कारण विचारलं की "तांत्रिक अडचणींमुळे" एवढंच उत्तर येतं. कागद मागा. अर्ज साधारण असा :

"विषय : शिवडी-वरळी उन्नत मार्गातील प्रभादेवी येथील पुलाचे काम. कालावधी : कार्यादेशापासून आजपर्यंत. १) कार्यादेशाची प्रत. २) दिलेल्या प्रत्येक मुदतवाढीच्या आदेशाची प्रत. ३) अलीकडच्या तीन मासिक प्रगती अहवालांच्या प्रती. ४) रेल्वेकडील प्रलंबित परवानग्यांबाबतच्या पत्रव्यवहाराच्या प्रती. ५) संबंधित नस्तीचे अवलोकन करण्यासाठी दिवस व वेळ कळवावी."

पाचवी ओळ विसरू नका. नस्ती, म्हणजे फाईल, समोर बसून चाळताना जे हाती लागतं ते मागितलेल्या प्रतींत क्वचितच असतं. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे (रेल्वेच्या बाबतीत केंद्रीय आयोगाकडे) दुसरं. खाजगी विकासकाला थेट अर्ज करता येत नाही, पण त्याने महापालिकेला दिलेले कागद महापालिकेकडे मागता येतात.

वही कधी मिटायची

फीत कापली त्या दिवशी तर मुळीच नाही. सागरी किनारा मार्गाची पहिली बाजू ११ मार्च २०२४ ला उघडली आणि बाकीचे भाग जानेवारी २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने खुले होत गेले. मेट्रो ३ आचार्य अत्रे चौकापर्यंत १० मे २०२५ ला प्रवाशांसाठी आली आणि २६ मे रोजी पहिल्याच मोठ्या पावसात, बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशद्वाराकडून त्या स्थानकात पाणी शिरलं. गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. मार्गिका सुरू झाली होती, सगळी प्रवेशद्वारं पूर्ण झाली नव्हती. म्हणून मेट्रोसाठी आधी सुरक्षा आयुक्तांच्या, म्हणजे सीएमआरएसच्या, प्रमाणपत्राची वाट पाहा, कारण त्याशिवाय प्रवासी घेता येत नाहीत. आणि नंतर प्रत्येक स्थानकाची किती प्रवेशद्वारं उघडली ते मोजा. टॉवरच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्र पूर्ण इमारतीचं आहे की काही मजल्यांपुरतं ते पाहा. अर्धवट ओसीवर लोक राहायला येतात आणि वर कटर चालू राहतात.

रस्ता आणि पुलाच्या कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत खड्डा पडला, सांधा उखडला किंवा पाणी गळलं तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची. हा कालावधी किती वर्षांचा आणि तो कोणत्या तारखेपासून मोजायचा, हे निविदेत असतं. ती संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्या आधीच्या पावसाळ्यात पुलावरून एकदा सावकाश चालत जा. जे दिसेल त्याचा फोटो तारखेसह विभाग कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा.